डावी काख

काकांनी शर्टाची वरची बटणं सोडली, डावा हात डोक्यामागे नेला आणि दुकानामागच्या खोलीतल्या आरशात मान वाकडी करून स्वतःची काख पाहिली. नव्या ट्यूबचाही काही उपयोग झालेला नव्हता. चट्टा होता तसाच लाल होता, आणि आता तो काखेच्या पुढच्या कडेवरून छातीकडे सरकू लागला होता.

"काका, आहात का आत?"

काका घाईघाईने बटणं लावत बाहेर आले. काउंटरपाशी शेजारच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई उभी होती. तिने मनगट पुढे केलं. त्यावर बारीक पुरळ उठलं होतं.

"खाजेची एखादी ट्यूब द्या ना. कुठलीही चालेल."

"कुठलीही चालत नाही," काका म्हणाले. "स्वतःच्या मनाने असलं काही लावायचं नसतं. बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉईड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग कातडी पातळ होऊन बसते. डॉक्टरांना दाखवा."

"आमचे डॉक्टर तुम्हीच की."

"मी नुसता दुकानदार. दाखवून घ्या."

ती निघाली. जाता जाता म्हणाली, "काका, बटणं वरखाली लागलीत."

सगळा रस्ता त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. औषधाच्या दुकानात उभ्या जन्मात काकांनी हा सल्ला किती जणांना फुकट दिला असेल, त्याला गणती नव्हती. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी शेल्फवरच्या ट्यूबा एका टोकापासून वापरायला घेतल्या आणि आता ते दुसऱ्या टोकाशी येऊन पोचले होते. काख ही काय डॉक्टरांना दाखवायची जागा आहे, असं त्यांचं म्हणणं.

काकूंपासून काही फार दिवस लपलं नाही. शर्ट घालताना माणूस कुठे चेहरा वाकडा करतो, हे बायकोला दिसायला वेळ लागत नाही.

"अरे, हात वर कर."

"काही नाही गं. घामोळं आहे."

"घामोळं असं एका बाजूला बसतं का? वर कर हात."

चारचौघांत काकू त्यांना 'अहो' म्हणत, घरात 'अरे'. त्या काकांहून तीन वर्षांनी मोठ्या. मोठेपणाचा तेवढा एकच फायदा आपण घेतो, असं त्या म्हणत, आणि ते खोटं होतं. त्या बरेच फायदे घेत.

काकूंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी काखेचा प्रश्न फळ्यावर मांडावा तसा हाती घेतला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे खोट कुठे आहे ते कळतं. आधी अंगाला मारायचा सुगंधी फवारा बंद झाला. मग साबण बदलला. मग कपडे धुवायची पावडर. मग काखेत घट्ट बसणारे शर्ट कपाटाच्या तळाशी गेले आणि ढगळ सुती शर्ट आले, ज्यांत काका दुसऱ्याचे कपडे घालून आल्यासारखे दिसत. चट्टा ढिम्म हलला नाही.

"मला कळत नाही ते एवढंच," काकू म्हणाल्या, "की डाव्याच काखेत का? साबण काय एकाच काखेला लावतोस?"

"मी खोके डाव्या काखेत धरतो ना. स्टुलावर चढलो की."

"खोक्याने एवढं होतं?"

"पुठ्ठाच तो. घासतो."

काकूंना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही.

दुपारी दुकानाचं शटर खाली आलं की चहाच्या वेळेपर्यंत ते वर जात नसे. जेवून दोघं आडवी होत. काकू काकांच्या डाव्या खांद्याच्या खळग्यात डोकं ठेवत, पेपर दोन्ही हातांनी वर धरत आणि जाहिरातींतल्या चुका मोठ्यांदा वाचून दाखवत. थोड्या वेळाने आवाज मंदावे आणि पेपर दोघांच्या तोंडावर पडे. काकांच्या हाताला मुंग्या येत. ते हात काढून घेत नसत. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून हा हात असाच बधिर होत आला होता, आणि ज्या दुपारी तो बधिर झाला नाही त्या दुपारी त्यांना झोप लागली नव्हती.

काकूंच्या केसांविषयी इथेच सांगितलेलं बरं. ते काळेभोर होते. वयाच्या मानाने नव्हे, कुठल्याही मानाने. आणि काकांना त्याचा असा काही अभिमान होता की खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसालाही ते ऐकवत, "आमच्या हिचे केस बघा. एक पांढरा शोधून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो." स्वतः काकांच्या डोक्यावर ऐन तिशीतच मैदान झालं होतं, त्यामुळे हे बोलायला त्यांना अधिकच जोर चढे.

या फुशारकीला कारण होतं. लग्नात काकांची आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे हो, पण हा अजून पोरगा दिसेल तेव्हा ही म्हातारी दिसायला लागेल." काकू तेव्हा हसल्या होत्या. काकांना ते हसू आवडलं नव्हतं. त्यांनी त्या दिवसापासून केसांची बाजू लावून धरली ती आजतागायत.

आणि केस केव्हाच पांढरे झाले होते, हे काकांना माहीत होतं. काकू रंग लावत. तो त्या काकांच्या दुकानातून कधीच नेत नसत. रस्त्याच्या पलीकडे दुसरं औषधाचं दुकान होतं, तिथून आणत. त्या दुकानाच्या मालकाला काका 'समोरचे' म्हणत, तोंडावरसुद्धा. धंद्यात दोघांचं हाडवैर आणि सुटे पैसे लागले की एकमेकांकडे धाव. समोरच्यांनीच एकदा पिशवी बांधता बांधता सांगून टाकलं होतं, "वहिनी आमच्याकडून रंग नेतात हो. तुमच्याकडे नाही का ठेवत?" काकांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, "नेऊ द्या. आणि हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

तेव्हापासून काकांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते मुदत संपलेली औषधं वेगळी काढायला दुकानात बसत, आणि काकू तेवढ्यात घरी केस रंगवत. औषधं बाजूला काढून झाली तरी काका उठत नसत. अर्धं शटर ओढून, स्टुलावर बसून, ते बायकोचे केस वाळायची वाट पाहत. मग घरी फोन करत, "निघतोय गं." पोचल्यावर न्हाणीघरातून येणाऱ्या वासाबद्दल चकार शब्द काढत नसत.

शेवटी काकूंनी त्यांना धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलंच.

डॉक्टर तरुण होत्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी काकांचा हात स्वतःच वर धरला आणि भिंगातून पाहिलं. मग एक कण खरवडून काचेवर घेतला.

"बुरशी नाही," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "बुरशीला कडा असते, आणि ती आवडीने दोन्हीकडे जाते. साखर वाढली तर काख काळी, जाडसर होते, तसंही नाही. सुगंधी फवाऱ्याने होतं ते अगदी मधोमध, खळग्यात. कपड्याच्या रंगाने होतं ते जिथे शिवण घासते तिथे. तुमचं पुढच्या कडेला आहे आणि छातीवर उतरलंय. कशाची तरी ॲलर्जी आहे, आणि ती गोष्ट फक्त इथे टेकते. आतापर्यंत काय काय लावलंत?"

काका शर्टाची बटणं लावू लागले. काकूंनी पर्समधून एक पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. सगळ्या ट्यूबा होत्या.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषधाचं दुकान आहे यांचं," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळ्या ट्यूबा पुन्हा पिशवीत भरल्या. त्यांनी पिशवी स्वतःच्या खणात ठेवून दिली. मग काकांच्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक चौकोनाखाली निराळं रसायन होतं. ज्याची ॲलर्जी, तो चौकोन लाल होणार. पुन्हा बोलावेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नव्हतं. त्या दिवसांत काकू ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसत, पट्ट्यांच्या कडेकडेने, फार जपून, आणि म्हणत, "मुलं लहान असताना एवढं केलं नव्हतं."

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या सोडवल्या. पाठीवर एकच चौकोन फुलला होता, टपोरा आणि लालभडक.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "केसांच्या काळ्या रंगातलं रसायन आहे हे. तुम्ही केसांना..." आणि त्यांनी काकांच्या डोक्याकडे पाहिलं. त्या थांबल्या.

काकूंना हसू आलं. ते अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

काकांच्या डोळ्यांपुढे एक खोका उभा राहिला. पावसाळ्याआधी समोरचे येऊन म्हणाले होते, वहिनींची तक्रार आहे, रंग टिकत नाही, पंधरवड्यात मुळं दिसतात. काकांनी तेव्हा स्वतःच्या शेल्फवरून सगळ्यात गडद, सगळ्यात टिकाऊ रंग काढून त्यांच्या हातात ठेवला होता. "हा द्या. महिनाभर बघायला नको. माझं नाव घेऊ नका." वापरण्याआधी कानामागे थेंब लावून पाहा, असं खोक्यावर छापलेलं होतं. तेही काकांनी मनाशी तपासलं होतं. काकूंना इतक्या वर्षांत रंगाने काही झालं नव्हतं. पण त्या रंगाची परीक्षा आपल्या काखेवर घ्यावी, असं कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

"दुकानातले खोके," काका म्हणाले. "रंगाचे. मी काखेत धरतो, स्टुलावर चढताना."

"बंद खोक्यातून काही बाहेर येत नाही."

"फुटलं असेल एखादं."

"घरात कुणी रंग लावतं का? नीट धुतला गेला नाही तर घामाबरोबर थोडा उतरतो. उशीला लागतो, जवळच्या माणसाला लागतो."

"नाही," काका म्हणाले. आवाज जरा चढला. "आमच्या हिचे केस मुळातच काळे आहेत."

काकू खिडकीकडे पाहत होत्या. डॉक्टरांनी एकदा त्यांच्या केसांकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. एक साधं मलम, थोडेच दिवस. बाकी सगळं बंद. साधं पाणी आणि सुती कपडे.

"आणि त्या खोक्यांपासून लांब राहा," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा येईल. पुन्हा आलं की आधीपेक्षा जास्त येतं."

त्या दुपारी काकू पलंगाच्या पार कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

"इकडे ये की."

"उकडतंय रे."

उकडत नव्हतं. काका छताकडे बघत पडून राहिले. पेपर घडी न मोडता उशाशी पडला होता.

मलमाने काम चोख केलं. खाज गेली, लाली ओसरली, कातडी कोरडी होऊन सुटली आणि खालून नवी आली. काका आरशासमोर हात वर करत आणि इतकी स्वच्छ काख पाहून त्यांना वाईट वाटे. डॉक्टरांच्या खोलीत आपण तिचं गुपित राखलं, असं त्यांना वाटलं होतं. पण गुपित राखून बायको हातची गेली होती, हाताच्या अंतरावर. बोलावं, तर इतकी वर्षं आपल्याला माहीत होतं हे सांगावं लागणार. आत्याच्या त्या वाक्यापासून जे झाकत आणलं ते आपल्याच हाताने उघडं करायचं. न बोलावं, तर ही अशीच भिंतीशी बोलत झोपणार. काका मूग गिळून बसले.

पुढे काकूंनी डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली. कान दुखतो म्हणाल्या. काकांनी कानाचे थेंब आणून दिले. काकूंनी ते खिडकीत ठेवले. बाटलीचं सील शाबूत आहे, हे काका रोज बघत आणि रोज विचारत, "कान कसा आहे?"

"आहे."

एकदा दुपारी झोपेत रुमाल सरकला. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी शुभ्र मुळं होती. काकांनी रुमाल होता तसा पुढे ओढला आणि ते उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्यांना फार भरून आलं होतं. आपल्या काखेपायी तिने रंग सोडला, आणि आता ती तोंड लपवत हिंडते, एवढंच त्यांना दिसलं.

ते रस्ता ओलांडून समोरच्यांकडे गेले.

"सौम्य एखादा रंग आहे का? ज्यात ते रसायन नाही, असा?"

"आहे की. पण वहिनी येतच नाहीत हल्ली. शेवटच्या आल्या तेव्हा विचारत होत्या, तो टिकाऊ रंग तुम्हाला कुणी सुचवला म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, कंपनीचा माणूस." समोरच्यांनी पिशवीला गाठ मारली. "त्या म्हणाल्या, कंपनीच्या माणसाला टक्कल आहे का?"

असे काही महिने गेले आणि पुन्हा एक शेवटचा रविवार आला. काकांनी मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, मलमं वेगळी काढली, खोक्यात भरली, खोक्यावर चिकटपट्टी मारली. आता वाट बघण्यासारखं काही नव्हतं. घरी कुणी केस रंगवत नव्हतं. तरी ते सवयीने अर्धं शटर ओढून स्टुलावर बसून राहिले.

शटरखालून आधी रुमाल बांधलेलं डोकं आत आलं, मग काकू.

"झालं ना काम? मग बसलायस कशाला?"

"निघतच होतो."

"गेली कित्येक वर्षं तू असाच निघत असतोस." काकूंनी गिऱ्हाइकांचं बाकडं पुढे ओढलं आणि त्या बसल्या. "केस वाळेपर्यंत."

काकांनी खोक्यावरची चिकटपट्टी पुन्हा एकदा दाबली.

"तुला माहीत होतं, मला माहीत आहे ते?"

"अरे, घरात औषधाचं दुकान असताना मी रस्ता ओलांडून रंग आणते. तुला कळणार नाही, एवढा तू बावळट नाहीस. थोडा आहेस."

"मग कशाला एवढा व्याप केलास?"

"तू जो येईल त्याला सांगत सुटलास, आमच्या हिचे केस बघा. दुकान नावावर करून द्यायला निघालास. मग मी काय करू? तुला खोटं पाडू?"

"मी ते आत्या बोलली म्हणून."

"कुठली आत्या? काय बोलली?"

काकांनी आत्याचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, मंडपात ती कुठे उभी होती तेही. काकूंनी भुवया आक्रसून आठवून पाहिलं.

"म्हणाली असेल. मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. "मला त्या दिवशी नवी चप्पल चावत होती. तेवढं आठवतं."

काका हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो टिकाऊ रंग," ते म्हणाले, "तो मीच..."

"कळलं ते. समोरच्यांना माझ्या केसांची एवढी काळजी कुठली?" काकूंनी रुमालाची गाठ सोडली. "डॉक्टर म्हणाल्या, जवळच्या माणसाला लागतो. साबण काढला, पावडर काढली, शर्ट काढले. काढायची राहिले ती मीच. तेव्हाच ठरवलं, आता नको. पण हे असं पट्ट्यापट्ट्याचं डोकं घेऊन कुठे जायचं, म्हणून वाढू देत होते जरा. आता वाढलेत कापण्यापुरते. तुझी कात्री कुठे आहे?"

काकांची कात्री काउंटरला दोरीने बांधलेली असे. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची. तिने केस कधी कापले नव्हते, आणि काकांनीही.

"पार्लरमध्ये जा ना. मी वाकडंतिकडं करीन."

"दिवसभर गोळ्या सरळ कापतोस ना? तसंच काप. काळं तेवढं काढ."

काकांनी दोरी सोडली. पहिली बट कापण्याआधी त्यांनी ती दोनदा धरून पाहिली, दुसरी एकदाच. काळे केस फरशीवर पडत गेले. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मान हलली की काका त्यांच्या कपाळाला बोट लावून ती सरळ करत, आणि त्या ती लगेच पुन्हा हलवत. एका बाजूला जरा जास्त कापलं गेलं, म्हणून दुसरीकडे तेवढंच कापावं लागलं, मग पहिल्या बाजूला पुन्हा. शेवटी बोटभर पांढरं डोकं उरलं, पाखराच्या पिलासारखं उभं राहिलेलं.

काकू उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन बाकड्यावर टेकलेल्या काकांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी डोकं पूर्वीसारखं खांद्याच्या खळग्यात ठेवलं.

"खाजतंय का?"

"टोचतंय."

"सवय कर."

काका हलले नाहीत. हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे सुटे पैसे मागायला आले. काकू काउंटरपाशी उभ्या राहून पेपर वाचत होत्या, रुमालाशिवाय. समोरच्यांनी पाहिलं, आणि नोट हातातच धरून ते उभे राहिले.

"आमच्या हिचे केस बघा," काका म्हणाले. आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला असता. "एक काळा शोधून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो."

समोरच्यांनी चष्मा सावरला आणि ते पुढे वाकले. काकूंच्या डाव्या कानामागे काकांच्या कात्रीतून सुटलेली एक अख्खी बट होती, काळीभोर, चांगली वीतभर. समोरच्यांनी ती नीट पाहिली. मग ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी नोट पुढे केली.

"नाही बुवा," ते म्हणाले. "एकही नाही."